फ्रिजवरचं पत्र

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरायचा होता. नेदरलँड्समधल्या आल्मेरेत एकट्या राहणाऱ्या नीलांबरीताई परदेशात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांतर्फे त्या पक्षाच्या सुपरडेलिगेट होत्या. आपलं मत हव्या त्या उमेदवाराला द्यायला मोकळ्या. एकदा पाठिंबा जाहीर केला की कुत्रंही विचारत नाही, हे त्या जाणून होत्या. तोवर मात्र फोन दिवसभर खणखणायचा. आज चक्क बॉस्टनहून त्यांच्या लेकाचा आला, दिवाळीनंतर पहिल्यांदाच. "आई, आमच्या कॅम्पेनला तुझं मत हवंय. ठरलं का?" "जेवलास का रे?" "हो गं. पत्र कधी पाठवतेस?" पाठिंब्याचं पत्र समोर फ्रिजवर नगरपालिकेच्या कचऱ्याच्या वेळापत्रकाशेजारी लटकत होतं. लेकाच्याच उमेदवाराचं नाव, खाली सही, तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. ताईंनी ते उलटं करून लावलं, जणू फोनमधून त्याला दिसणार होतं. "अजून नाही रे ठरलं," त्या म्हणाल्या. "उद्या परत फोन कर."