सतरा दारं

जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचे साहेब गावच्या आरोग्य केंद्राच्या दारात बदलीची ऑर्डर घेऊन उभे होते, आणि सिस्टरबाई त्यांच्या बाजूने वाट काढत बाहेर पडत होत्या. सकाळचे साडेसात वाजले होते. एक सही करा म्हणजे मी मोकळा, असं साहेब म्हणाले. सिस्टरबाईंनी ऑर्डर वाचली आणि घडी घालून त्यांच्याच हातात दिली. बोलायचं असेल तर चालता चालता बोला, म्हणाल्या. माझी दारं खोळंबलीत.

दारं म्हणजे सतरा. सतरा घरांत एकेकटी म्हातारी माणसं, मुलंबाळं पोटामागे पांगलेली. सकाळी उठलं की प्रत्येकाने दाराच्या कडीला टॉवेल अडकवायचा, हा सिस्टरबाईंचा नियम. टॉवेल दिसला की त्या पुढे जायच्या, नाही दिसला की आत. सहा वर्षांत नियम चौघांनी मोडला, त्यातले तिघे वाचले.

साहेब मागून चालत समजावत होते. शहरातल्या वृद्धांच्या वॉर्डात चाळीस खाटांना एकच सिस्टर उरली होती. बाकीच्या दोघी परदेशी गेल्या, तिथल्या म्हाताऱ्यांना सांभाळायला. इथे तर सतराच जीव. म्हणून केंद्राला आजच कुलूप लावायचं, आणि बाईंनी सोमवारी शहरात रुजू व्हायचं. साहेब खोटं काहीच बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती.

"परदेशातल्यांनी शहरातल्या सिस्टर न्यायच्या, शहराने गावातल्या," सिस्टरबाई न थांबता म्हणाल्या. "आता आम्ही कुणाच्या न्यायच्या, तेवढं ऑर्डरीत लिहून आणा."

साहेबांनी मग मवाळ सुरात वयाचा विषय काढला. सत्तावन्न म्हणजे काही थोडंथोडकं नाही, तिकडे निदान उन्हातान्हात वणवण तरी नाही. सिस्टरबाईंच्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण ते तसंच राहिलं. पुढचं दार म्हाताऱ्या मास्तरांचं, आणि त्यांच्या कडीला टॉवेल नव्हता.

दार नुसतं लोटलेलं होतं. रात्री आतून कडी घालायची नाही, हाही नियमच. मास्तर स्वयंपाकघरात खाली पडले होते, घामाने निथळत. ओट्यावर इन्सुलिनची सुई होती, आणि शेजारी नाश्त्याची बशी झाकलेली तशीच. सिस्टरबाईंनी बोटाला टोचून साखर बघितली. चौतीस, म्हणजे जिवावर बेतण्याइतकी कमी. तोंडातून काही द्यावं तर गिळण्याइतकी शुद्ध नव्हती. त्यांनी पिशवीतून ग्लुकोजचं इंजेक्शन काढलं, दंडाला पट्टा बांधला, शीर धरली. ती निसटली. दुसऱ्यांदाही निसटली. सिस्टरबाईंचा हात थरथरत होता, आणि साहेब ते बघत होते.

लाजायला वेळ नव्हता. बाईंनी नवी सुई चढवली आणि साहेबांपुढे धरली.

"तुम्ही डॉक्टर आहात ना? घ्या."

साहेबांनी अकरा वर्षांत फायलींशिवाय कशाला हात लावला नव्हता. तरी ऑर्डर ओट्यावर टाकून ते गुडघ्यांवर बसले. शीर बाईंच्या बोटाने शोधली, सुई साहेबांच्या हाताने गेली.

थोड्या वेळाने मास्तरांनी डोळे उघडले. समोरच्या परक्या माणसाला न्याहाळून त्यांनी आधी त्याचं वय विचारलं. बेचाळीस, साहेब म्हणाले.

"म्हणजे गावात सगळ्यात लहान," मास्तर पुटपुटले.

बाईंनी त्यांना भिंतीला टेकून बसवलं आणि साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. साहेबांनी हात धुतले, ओट्यावरची ऑर्डर उचलली आणि नजर चुकवत म्हणाले, "सिस्टर, हाताचं मला वर कळवावं लागेल."

"कळवा. हात थरथरतो म्हणून कळवा. कडी रिकामी आहे हे तुम्हाला दिसलं नव्हतं, तेही कळवा." सिस्टरबाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. "सही मी करणार नाही. केंद्राला कुलूप लावायचं तर खुशाल लावा. माझं काम सतरा दारांवर चालतं. तेवढी कुलपं आणलीत का?"

मास्तरांनी खुंटीकडे बोट दाखवलं. तो टॉवेल आधी बाहेर अडकवा, म्हणाले, नाहीतर सगळी गल्ली गोळा होईल.

साहेब टॉवेल घेऊन दारात आले. गल्ली गोळा झालेलीच होती. काठ्या टेकत, एकमेकांना धरत सोळा जण उभे होते. सगळे साहेबांच्या हातांकडे बघत होते. एका हातात टॉवेल होता, दुसऱ्यात ऑर्डर.

कडी घट्ट होती, टॉवेल अडकवायला दोन्ही हात लागणार होते. साहेबांनी ऑर्डर चुरगळून खिशात कोंबली.