पक्की शाई

“अर्धं पाणी घाल, ताई,” मुकादम तिच्या कानाशी येऊन म्हणाला. “कुणाच्या बापाला कळणार नाही.”

टाकीत मतदानाची शाई फिरत होती, जांभळी आणि जड. वीस हजार बाटल्यांची मागणी होती, तीही शत्रूच्या देशातून. अशी शाई याच एका कारखान्यात व्हायची, मग ते तरी जाणार कुठे? लढाई थांबवायची की नाही, यावर तिकडचे लोक मत देणार होते. इकडच्यांनी मागच्याच महिन्यात थांबायचा कौल दिला होता. घोडं अडलं होतं ते पलीकडे. शाई धुऊन निघाली की त्यांच्या मतदानाचा पार फज्जा, असा मुकादमाचा बेत होता.

तीस वर्षं शाई कालवून तिचे हात मनगटापर्यंत जांभळे झाले होते. मागच्या महिन्यात मतदानाच्या दिवशी केंद्रावरच्या साहेबांनी ते उलटेसुलटे करून पाहिले आणि शेवटी हनुवटीवर खूण केली. रांगेत हशा पिकला. लहानपणी शाळा सुटली की मुलगा गर्दीत तिला त्या हातांवरूनच ओळखायचा. आता तो सीमेवर होता. तीन आठवडे पत्र नव्हतं आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

ढवळता ढवळता तिचे डोळे जड झाले. शाईत तिला एक लांबच लांब रांग दिसली. अनोळखी बायका एकेक बोट पुढे करत होत्या. मागे नळावर काही बंदूकवाले बोटं धुऊन पुन्हा रांगेत शिरत होते. ती दचकून जागी झाली.

“बोट धुऊन परत कोण येणार, भाऊ?” ती म्हणाली. “ज्यांना लढाई हवी, तेच. ज्यांची पोरं लढतायत, त्या आया नाही येणार.”

तिने माप पुरेपूर ओतलं. मुकादमाने महिनाभर तिच्याशी अबोला धरला.

तिकडचा कौल थोडक्या मतांनी लागला, पण थांबायचाच लागला. मुलगा घरी आला. आल्यापासून तो आईचे हात हातात घेऊन नुसता बसून होता. तिने दोनदा जेवायला वाढू का विचारलं.

“आम्हाला निकाल कळलाच नव्हता,” शेवटी तो म्हणाला. “त्यांचं मतदान होऊन आठवडा झालेला. पहाटे धुक्यातून समोरचा एक जण हात वर करून उठला. मी नेम धरला. दुर्बिणीत त्याचं बोट दिसलं, जांभळं. मी बंदूक खाली घेतली. आई, क्षणभर वाटलं, तूच मला न्यायला आलीयेस.”