सावरीखालची दुपार

परीक्षा केंद्राच्या दारातच शाल्मली भीतीनं थबकली. गेल्या वर्षी याच भीतीपायी ती कोरा पेपर ठेवून उठली होती. म्हणून आज बाबांनी तिला शेजारच्या स्मृतिकेंद्रात नेलं आणि आपली सगळ्यात शांत आठवण तिला देऊन टाकली.

यंत्राची टोपी डोक्यावर चढताच तिला वेंगुर्ल्याची बाग दिसली. फुललेल्या सावरीखाली आई भाजलेले काजू फोडत बसली होती. पोटावर हात ठेवून ती हसत म्हणाली, “मुलगी झाली तर या सावरीचंच नाव ठेवायचं, शाल्मली म्हणायचं हं!” शाल्मली वर्षाची असतानाच आई गेली होती. कळायला लागल्यापासून आईचा आवाज ती आज पहिल्यांदाच ऐकत होती. श्वास हळूहळू संथ झाला.

पेपर सगळा सोडवून ती धावतच बाहेर आली. “बाबा, माझं नाव आईनं ठेवलं होतं!”

“आईनं?” बाबा गोंधळले.

ती चरकली. “म्हणजे ती दुपार तुमच्याकडे राहिलीच नाही?”

“दिलेली आठवण मागे राहत नाही, बाय. ठाऊक होतं मला.” त्यांनी तिला पायरीवर जवळ बसवून घेतलं. “आणखी काय म्हणाली ती? सावकाश सांग.”