समोरासमोर

शेवटच्या तासाला हेरवाडकर सरांनी दमलेल्या हाताने फळ्यावर सारख्या वजनाच्या दोन गाड्या काढल्या, सारख्याच वेगाने समोरासमोर येणाऱ्या. "धडकून चिकटल्या. आता वेग किती?"

"तेवढाच, सर," मागच्या बाकावरून उत्तर आलं.

"उणे चिन्ह खाल्लंस. दरवर्षी कुणीतरी खातंच. संवेग एकमेकांविरुद्ध, म्हणून बेरीज शून्य. दोन्ही गाड्या जागच्या जागी."

बोलता बोलता सर थांबले. लेकीला इंजिनिअरिंग सोडून बेकरी काढायची होती. त्यांनी साफ नाही म्हटलं, आणि दिवाळीपासून दोघांत अबोला होता.

"सर, एक गाडी हळू आली तर?" पुढच्या मुलीने विचारलं.

"मग दोन्ही हलतील. दुसरीच्या दिशेने, पण हलतील."

तास संपला. फळा न पुसताच त्यांनी लेकीला फोन लावला. "बेकरीचं काय म्हणत होतीस, पुन्हा सांग."