आप्पांची गाडी

गाडी सुरू होईना, तेव्हा आप्पांनी बॉनेट उघडलं. त्यांची लेक मृदुला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. बॅटरीची वायर तिनेच सकाळी काढून ठेवली होती. गेल्या आठवड्यात भाजी आणायला गाडी घेऊन गेलेले आप्पा घरचा रस्ताच विसरले होते, आणि तरीही किल्ली सोडत नव्हते.

आता वायर दिसेल आणि आपली खरडपट्टी निघेल, म्हणून ती उत्तरं जुळवत होती. तीन लाख किलोमीटर धावलेली ही गाडी आप्पांनी कधी गॅरेजवाल्याच्या भरवशावर सोडली नव्हती. नुसत्या आवाजावरून ते तिचं दुखणं ओळखायचे.

आप्पा बराच वेळ वाकून बघत राहिले. प्लग चाचपले, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, पुन्हा किल्ली फिरवली. मग मडगार्डला टेकून उभे राहिले.

न राहवून मृदुला बाहेर आली. "आप्पा, बॅटरी बघितलीत का?" आता त्यांनी रागवावं, असंच तिला वाटत होतं.

"बघतो की. तू मला शिकवतेस होय?" ते हसले, वाकले आणि ती मोकळी वायर हातात धरून तिच्याकडे वळले.

"ही कुठं लावतात गं?"