शिक्क्यासकट चारित्र्य

"पोलिसांचा दाखला आहे ना बाई? त्याशिवाय मी लेकीला पाठवणार नाही," व्हॅनच्या दाराशी उभी असलेली आई म्हणाली.

शालनने काचेमागचा कागद काढला. शाळेच्या मुलांसाठी तिने स्वतःची व्हॅन घेतली, आणि पहिलंच गिऱ्हाईक निघालं सासरच्या गल्लीतलं! समोरच्या ओट्यावर सासू तांदूळ निवडत होती. गाडी शिकवणाऱ्याशी हसून बोलते, हिचं चारित्र्य धड नाही, असं बोंबलत तिने शालनची पिशवी त्याच ओट्यावरून रस्त्यावर भिरकावली होती. आता सासूच्या पाठीमागे शालनचा नवरा दात घासत उभा होता. जुगाराच्या केसमध्ये परवाच जामिनावर सुटलेला.

शालनने घसा खाकरला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं, "चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र! सदर महिलेविरुद्ध काहीही आक्षेपार्ह आढळून आलेले नाही. आणि हा खाली शिक्का!"

आईने हसत लेकीला आत बसवलं.

"असले कागद कुणालाही मिळतात," सुपात बघत सासू पुटपुटली.

शालनने चालू गाडी बंद केली.

"मिळतात ना, आत्याबाई? मग तुमच्या लेकाचा आणा की. थांबते मी."