डोक्यावरचा हात

रखमाजी चोरून पेढे खायचे. शेवटी चतुराबाईनं राजूरच्या गणपतीपुढं नवऱ्याचा हात नातीच्या, प्रांजलीच्या डोक्यावर ठेवला. "म्हणा, गोडाला परत तोंड लावणार न्हाई." रखमाजी म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी चहासुद्धा बिनसाखरेचाच घेतला.

पुढच्या महिन्यात इन्सुलिन सुरू करताना डॉक्टरांनी बजावलं, "थरथर सुटली, घाम फुटला, तर ताबडतोब साखर खायची."

आज इन्सुलिन घेतलं आणि जेवायला उशीर झाला. रखमाजी घामानं भिजून ओसरीवर आडवे झाले, हातपाय लटलट कापायला लागले. प्रांजली मूठभर साखर घेऊन धावत आली.

"आबा, जल्दी तोंड उघडा ना!"



रखमाजींनी तिच्या डोक्याकडं पाहिलं आणि दात घट्ट आवळले.